सत्त्याण्णव अंशांची वाडी

महाडच्या एस.टी. स्टँडवर माझ्या ट्रंकेवरून वाद झाला, तिथूनच सुरुवात करते. हिरव्या पत्र्याची ट्रंक, आत चंचुपात्रं, भिंगं, लोहचुंबक, दोन थर्मामीटर, स्पिरिटचे दिवे आणि हे सगळं फुटू नये म्हणून मध्ये मध्ये कोंबलेल्या माझ्या जुन्या साड्या. कंडक्टरने कडी धरून ती हलवून पाहिली.

"काय बाई, पोरीचं लगीन काढलंत काय? भांडीकुंडी घेऊन निघालात?"

"शाळेचं सामान आहे. काचेचं आहे, टपावर टाकायचं नाही."

"मग मांडीवर घ्या."

मांडीवर काय घेणार, कपाळ! शेवटी ट्रंक दोन बाकांच्या मध्ये आडवी केली, तिच्यावर पाय ठेवून बसले आणि रायगडच्या पायथ्यापर्यंत कुणाला तिला बोट लावू दिलं नाही.

तेव्हा मला पुण्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. रायगडचा रोपवे नवा नवा होता त्या सुमाराची ही गोष्ट. पुण्यातल्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून ही ट्रंक तयार केली होती आणि ती घेऊन महाड-पोलादपूरच्या प्राथमिक शाळांत दहा दिवस हिंडायचं मी ठरवलं होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हसून घेतलं. "प्राथमिकच्या पोरांना कसले प्रयोग? चित्रं दाखवा, टाळ्या वाजवतील." मुख्याध्यापकांनी रजा दिली तीही "जा, हौस भागवून या" म्हणत. हौस! मला त्या शब्दाचा राग आहे. आठ वर्षांच्या मुलाने डोळे उघडून बघावं, हात घालून करून पाहावं, एवढी साधी मागणी. तिला हौस म्हणायचं असेल तर मी हौशी.

हिरकणीवाडी

इथल्या निम्म्या मुलांचे बाप नाहीतर काका गडावर माहिती सांगायला जातात, आणि तो सूर पोरांच्या जिभेवर पक्का बसलाय. मी वर्गात विचारलं, "पाणी कधी उकळतं?" एक चौथीतला गडी उठला, हात मागे बांधले, हनुवटी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पाणी हे शंभर अंश सेल्सिअसला उकळते. चला, पुढे चला!"

"आणि हा रोपवे वर कसा जातो?"

"तिकीट काढून."

मी पोट धरून हसले. मग विचारलं, शंभर अंश कुणी मोजलेत का? कुणीच नाही. थर्मामीटर पाहिलाय? नाही. जे गाव येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगतं की हा बघा दरवाजा, हा बघा कडा, त्या गावातही विज्ञान मात्र ऐकीव. हसू ओसरल्यावर मला जरा रागच आला, आणि तो राग मी त्या दिवशी पूर्ण पुस्तकावर काढला. मुलांना म्हटलं, पुस्तक दप्तरात ठेवा, आज कुणी उघडायचं नाही. चुंबक घेऊन पोरं अंगणातल्या मातीत शिरली ती लोखंडाचा कीस गोळा करत थेट दुकानांपर्यंत गेली.

दुपारी एका दुकानात नाचणीची भाकरी, पिठलं आणि ताक झालं. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, "पाणी हवं का?" इथे विचारत नाहीत, तांब्या पुढे ठेवतात. मला ही पद्धत आवडली.

वर, वाडीकडे

तिसऱ्या दिवशी पोलादपूर. तिथून जीपने डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणि पुढे पायी. वाडी कुडपणच्या बाजूच्या डोंगरात आहे, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यावरून तिथल्या गुरुजींची नसती विचारपूस व्हायला नको.

ट्रंक कशी न्यायची या विवंचनेत मी पायथ्याशी उभी असताना पार्वतीकाकू भेटल्या. पन्नाशीच्या, काटक, बाजार करून वर निघालेल्या. त्यांनी आपली पिशवी माझ्या हातात दिली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि दोघांनी उचलून दिलेली ट्रंक घेऊन चालायला लागल्या. मी पिशवी घेऊन मागून धापा टाकतेय आणि वर शिकवण्याचा स्वभाव जात नाही म्हणून झाडांची नावं विचारतेय.

"बाई, तोंड मिटून चढा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "बोलत चढलं की चढ लांबतो."

मी गप्प बसले. एकोणीस वर्षांत मला कुणी इतक्या सहज गप्प बसवलं नव्हतं.

वाडी म्हणजे पठाराच्या कडेला पंधरा-वीस घरं, प्रत्येक घराला लागून गोठा, म्हशी, शेळ्या, नाचणी-वरीची खाचरं. वाराही सतत. शाळा दोन खोल्यांची, पाचवीपर्यंत. गुरुजी मूळचे महाडकडचे, तिशीतले, शाळेच्याच पडवीत राहणारे. मला वाटलं होतं, पुण्याची बाई आली म्हणून कपाळाला आठी घालतील. त्यांनी ट्रंक उघडताच लहान मुलासारखं भिंग उचललं आणि स्वतःच्या अंगठ्याचे ठसे बघत बसले. त्या क्षणी आमचं जमलं.

वर्ग

दुसऱ्या दिवशी मी थर्मामीटर बाहेर काढला आणि अख्खा वर्ग खिदळायला लागला. बायका तोंडाला पदर लावतात तसा मुली फ्रॉकचा घेर लावून हसतायत, मुलं एकमेकांना ढोसतायत. मला काही कळेना.

पाचवीतली एक मुलगी, सुगंधा, उभी राहिली. केसांना करकचून तेल, डोळे स्थिर. "बाई, तो म्हशीचा हाय."

"म्हशीचा?"

"ढोरांचा डाक्टर येतो ना, तो ह्यो म्हशीच्या शेपटीखाली घालतो. ताप बगायला."

आणि आता पुण्याच्या बाई तोच पाण्यात घालणार, हे पाहून सगळा वर्ग ओकारी आल्यासारखं करायला लागला. हा वेगळा, नवा, धुतलेला, असं सांगून कुणाचं समाधान होईना. शेवटी दोन मुली तो बाहेर घेऊन गेल्या, राख लावून घासला, तीन पाण्यांतून काढला, तेव्हा कुठे वर्गाने त्याला आत घेतलं.

स्पिरिटचा दिवा पेटवला, वर चंचुपात्र. खिडक्या लावल्या तरी वारा ज्योत हलवतच होता, म्हणून मुलांनी दप्तरांची भिंत केली. सुगंधाला आकडा वाचायला बसवलं. साठ, सत्तर, ऐंशी. तळाशी बारीक बुडबुडे आले तशी सगळी डोकी एकत्र आली. नव्वद. पंच्याण्णव. पाणी खदखदायला लागलं.

"सत्त्याण्णव," सुगंधा म्हणाली.

"थांब, अजून चढेल."

थांबलो. पाणी उड्या मारत होतं, निम्मं होत आलं.

"सत्त्याण्णवच हाय, बाई."

मी वाकून पाहिलं. सत्त्याण्णव. मी म्हटलं, "थर्मामीटर जुना आहे. शंभर लिही."

"पन तो थांबला."

"लिही गं, पुस्तकात शंभर आहे ना!"

दोन-तीन दिवसांपूर्वीच हिरकणीवाडीत पुस्तक मिटवायला लावणारी ती मीच. सुगंधाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वहीत पेन्सिलने अगदी फिक्कं शंभर लिहिलं. बाकीचं तिने शाईने लिहिलं होतं. मला ते दिसलं, आणि दिसूनही मी पुढच्या प्रयोगाकडे वळले.

पार्वतीकाकूंची चूल

त्या संध्याकाळी जेवण काकूंकडे होतं. दिवस मावळायच्या आत गेले, तर चुलीवर टोप, टोपावर झाकण, झाकणाच्या कडेने नाचणीच्या भिजवलेल्या पिठाचा वळ चिकटवलेला आणि या सगळ्यावर पाट्याचा भलामोठा वरवंटा.

"हे काय हो काकू? टोप पळून जातोय का?"

"वाल हायत. वरवंटा नाय ठेवला तर शिजत नायत हिथं."

"हिथं म्हणजे?"

"हिथं म्हंजी वर. माझं म्हायेर खाली दासगाव. तिकडं चुलीवर ठेवले की वाल शिजले, कोन वरवंटा ठेवत नाय. लगीन करून हिथं आले तर पयल्याच दिशी जाळ जाळ जाळला, पानी उकळतंय नि वाल तसेच दगडावानी. मानसं उपाशी. मी रडाया लागले. मंग सासू बोलली, खालचं शानपन खाली ठेव नि वरवंटा वर ठेव." काकू हसल्या. "खालून कोन आचारी आला लगनाला, तर त्याचं पन पयल्यांदा असंच होतं. पानी उकळतंय म्हनून बसतो नि फसतो."

मला वर्गातला थर्मामीटर आठवला.

जितकं उंच जावं तितका वरच्या हवेचा भार कमी. भार कमी म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं, आणि कमी तापमानाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हे मी दरवर्षी नववीला शिकवते, फळ्यावर आकृती काढून शिकवते. वाफ कोंडून ती उणीव भरून काढायची, ते या घरात पिढ्यान् पिढ्या पीठ आणि वरवंटा घेऊन चाललंय. थर्मामीटर जुना नव्हता. सुगंधाने अगदी बरोबर वाचलं होतं.

याहून वाईट गोष्ट भाकरी मोडताना लक्षात आली. पुणंसुद्धा काही समुद्रकाठी वसलेलं नाही. दरवर्षी माझी मुलं प्रयोगशाळेत पाणी उकळतात आणि म्हणतात, "बाई, अठ्ठ्याण्णव." आणि दरवर्षी मी म्हणते, "थर्मामीटर जुना आहे, शंभर लिहा." एकोणीस वर्षं. दर वर्षी नवी मुलं, काही वेळा नवे थर्मामीटर, आणि माझं उत्तर तेच. खरं पाहणाऱ्या किती मुलांना मी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवलं असेल? मला इतकी लाज वाटली की काकूंनी दोनदा वाल वाढले तरी कळलं नाही. वाल मात्र अप्रतिम होते.

पुन्हा वर्ग

सकाळी मी मुलांसमोर उभी राहून सांगितलं, "काल मी चुकले. सुगंधाचं बरोबर होतं."

सगळी डोकी वर झाली. बाई चुकतात हे त्यांना नवीन नसावं, पण बाई ते बोलून दाखवतात हे नवीन होतं. सुगंधा ना हसली, ना मिरवली. तिने वही उघडली, पेन्सिलचं शंभर खोडलं आणि शाईने सत्त्याण्णव लिहिलं. मग आम्ही दोन्ही थर्मामीटर घेऊन परत मोजलं. दोन्हींत सत्त्याण्णव.

हवेचा भार कसा समजावायचा? मी गुरुजींच्या गोधड्या आणल्या. एका पोराला निजवलं, अंगावर पाच गोधड्या टाकल्या आणि म्हटलं, ऊठ. त्याला जोर करावा लागला. मग दोनच ठेवल्या. तो टुणकन उठला. "आपण हवेच्या गोधड्यांच्या ढिगाखाली राहतो. खाली महाडात जास्त गोधड्या, इथे कमी. पाण्यालाही उठायला इथे कमी जोर पुरतो."

"म्हंजी आमचं पानी आळशी नाय," मागून कुणीतरी म्हणालं, "लवकर उठतं."

गुरुजींनी कपाटातून एक पत्र काढलं. चार दिवसांनी पोलादपूरला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आजवर या शाळेतून कुणी गेलं नव्हतं. "हाच प्रयोग नेऊ या," ते म्हणाले. "प्राथमिक गटात पहिला येईल तो जिल्ह्याला जातो. अलिबागला."

"अलिबागला समुद्र हाय ना?" सुगंधाने विचारलं.

त्या वाडीतल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. स्वच्छ दिवशी कड्यावरून मावळतीकडे एक चकाकती रेघ दिसते. ती समुद्र आहे की सावित्रीची खाडी, यावरून पोरांत दोन कायमचे पक्ष आहेत आणि त्यांची मारामारी व्हायचीही बाकी राहिलेली नाही. सुगंधा समुद्राच्या पक्षाची पुढारी. अलिबाग म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हे पोरगं आता चालतच सुटेल.

चार दिवस दुसरं काही सुचलं नाही. तक्ता तयार झाला. सुगंधाच्या अक्षरात: "आमच्या वाडीत पाणी ९७ अंशांना उकळते. का?" खाली गोधड्यांचं चित्र, शेजारी वरवंटा ठेवलेला टोप. आणि एक चिठ्ठी: पोलादपूरला मोजल्यास शंभर येईल, वर येऊन मोजल्यास सत्त्याण्णव.

सल्ला

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख वर आले. आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे, भला माणूस, घामाघूम होऊन पोहोचले आणि आल्या आल्या मुलांना खाऊ वाटला. तक्ता पाहून खूष झाले. मग गुरुजींना आणि मला बाजूला घेतलं.

"झकास आहे. फक्त आकडा दुरुस्त करा. शंभर लिहा, मांडणी हीच ठेवा, पहिला नंबर घरात. परीक्षक साहेबांना मी ओळखतो. पुस्तकाबाहेरचं त्यांना चालत नाही."

"पण येतं सत्त्याण्णव."

"बाई, तुम्ही दोन दिवसांनी पुण्याला जाल. पोरांना समुद्र बघू द्या ना."

हे मात्र मला लागलं. माझ्या ताठ मानेची किंमत मुलांनी का द्यायची? मी आत गेले आणि सगळं जसंच्या तसं मुलांना सांगितलं. शंभर लिहिलं तर बहुतेक अलिबाग. सत्त्याण्णव ठेवलं तर बहुतेक नाही. तुम्ही ठरवा.

बराच गलका झाला. एक जण म्हणाला, "शंभर लिवूया, समुद्र बगून येऊ, मंग घरी येऊन खोडू." सगळे हसले, आणि मला वाटलं, ठरलं.

सुगंधा हसली नव्हती. "नि तिथं कोनी इचारलं, तू सोता मोजलंस काय, तर मी काय सांगू?"

हसणारे तक्त्याकडे बघायला लागले.

"मी नाय लिवनार," ती म्हणाली आणि पेन बाकावर ठेवलं. "कोनाला लिवायचं त्यानी लिवा."

पेन तिथेच पडून राहिलं. समुद्राच्या पक्षातल्यांनी नाही, खाडीच्या पक्षातल्यांनीही नाही, कुणीच ते उचललं नाही. केंद्रप्रमुखांनी खिडकीतून हे पाहिलं, आणि जाताना मला नमस्कार करून गेले.

पोलादपूर

प्रदर्शनात सात ज्वालामुखी होते. पुठ्ठ्याचे डोंगर, आतून लाल पाणी. दोन पवनचक्क्या, एक सौरचूल. आमचं टेबल शेवटच्या कोपऱ्यात, पण काकूंकडून आणलेला, वरवंटा ठेवलेला टोप पाहून बायकांची गर्दी आमच्याकडेच. एकीने तर वरवंटा उचलून पाहिला आणि म्हणाली, "कुडपनच्या आत्याकडं असाच ठेवतात!"

परीक्षक साहेब आले. इस्त्रीचा सफारी, खिशाला लाल पेन. तक्ता वाचला आणि कपाळाला आठी पडली.

"पाणी किती अंशांना उकळतं, बाळ?"

"आमच्या वाडीत सत्त्याण्णव, सायब."

"उकळून दाखव."

तिने दाखवलं. वाचन शंभर आलं. साहेब हसून जमलेल्यांकडे वळले. "बघा! पाण्याला काय गाव कळतं का?"

लोक हसले. मी तोंड उघडणार तोच सुगंधा म्हणाली, "पान्याला नाय कळत, सायब. वालाला कळतं."

आता लोक तिच्या बाजूने हसले, आणि तिथेच घात झाला. तिने चिठ्ठीकडे बोट केलं, "हिथं शंभर येनार हे आमी लिवलंय की आधीच. तुमी वर चला, दावतो." पण साहेबांना चारचौघांत हसू ऐकू आलं होतं. त्यांनी लाल पेन काढलं, तक्त्यावरचं ९७ आडवी रेघ मारून खोडलं आणि वर ठसठशीत १०० लिहिलं.

मग मी भांडले. मनसोक्त भांडले. हवेचा दाब काढला, नववीचं पुस्तक काढलं, त्यांच्या समजुतीचाही उद्धार केला. साहेबांनी मला बाजूला नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर असेलही. पण प्राथमिकच्या पुस्तकात शंभर आहे. उद्या जिल्ह्याला मला विचारतील, तर मी काय वाल शिजवून दाखवू?"

त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. थर्मामीटर जुना आहे म्हणताना माझा चेहरा असाच दिसत असणार. तरीही मी म्हटलं, "हो. शिजवून दाखवा."

पहिला नंबर ज्वालामुखीला गेला. कुठल्या, ते आठवत नाही. सगळे सारखेच होते.

परत वर

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये सुगंधा रडली. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो बाजूला केला. बरोबरच होतं. समुद्र तिचा गेला होता, माझं काही गेलं नव्हतं.

पायथ्याशी उतरलो. पार्वतीकाकू ट्रंक घ्यायला आल्या होत्या. त्या चुंबळ ठेवत होत्या, तेवढ्यात सुगंधाने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई, दिवा काडा."

"आता? इथे?"

"हिथं किती येतं ते बगू. मंग वाटेत बगू. मंग वर." ती गुरुजींकडे वळली. "सायब वर येत नाय ना? मंग आपन खालपासनं मोजत जाऊ."

काकूंनी चुंबळ बाजूला ठेवली. रस्त्याच्या कडेला दप्तरांची भिंत झाली. पायथ्याला शंभरहून किंचित कमी, नव्याण्णव आणि वर थोडं. तोंड मिटून चढा म्हणणाऱ्या काकू त्या दिवशी स्वतःच दर वळणाला विचारत होत्या, "आता मोजायचं काय?" अर्ध्या चढावर झऱ्यापाशी थांबलो तर चंचुपात्र तडकलं. गुरुजींनी पिशवीतून चहाचा टोप काढला. स्पिरिट संपत आलं होतं, मुलांनी काटक्या आणल्या, वाऱ्याने धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. खोकत खोकत सुगंधाने आकडा वाचला.

"अठ्ठ्याण्णव."

मी तिथल्या दगडावर बसले. "हा माझ्या पुण्याचा आकडा आहे," मी म्हटलं, आणि एकोणीस वर्षांची सगळी गोष्ट सांगून टाकली. खोडायला लावलेले सगळे अठ्ठ्याण्णव. मुलं तोंडं उघडी ठेवून ऐकत होती.

"म्हंजी बाई," सुगंधा म्हणाली, "तुमी पन डोंगरावरच ऱ्हाता की! अर्ध्या."

त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

वाडीत पोहोचलो तेव्हा सगळी घरं शाळेपुढे गोळा झाली होती. मुलं नंबर आणतात का ते बघायला. नंबर नव्हता. कुणी काही विचारायच्या आत मुलांनी तीन दगड मांडले, टोप चढवला, आणि वाडीतली म्हातारीकोतारी, तान्ही पोरं कडेवर घेतलेल्या बायका, गोठ्यातून हात न धुता आलेले पुरुष, सगळे त्या टोपाभोवती उभे राहिले. सुगंधा वाकली.

"सत्त्याण्णव!"

असा ओरडा झाला की म्हशी बुजल्या.

मग तिने प्रदर्शनातला तक्ता उलगडला. मी म्हटलं, "ती लाल रेघ आणि ते शंभर झाकून टाकू या. वर कागद चिकटव."

"नको. शंभर खरं हाय. सायबांनी आपल्यासमोरच बगितलं ना." तिने लाल शंभरच्या शेजारी शाईने लिहिलं: पोलादपूर. खाली एकेक ओळ. पायथा, नव्याण्णव आणि थोडं. झरा, अठ्ठ्याण्णव. आमची वाडी, सत्त्याण्णव. हे तिने दोनदा गिरवलं. सगळ्यात शेवटी एक ओळ आखली आणि लिहिलं: अलिबाग, समुद्र.

तिथे पेन थांबलं.

"शंभर," मी म्हटलं. "तिथे शंभरच येईल. लिहून टाक."

तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं. पण आता बाई ती होती आणि मी तिच्या वर्गात होते.

"मोजल्याबिगर कसं लिवू, बाई?" ती म्हणाली, आणि ती जागा कोरी ठेवून तिने तक्ता भिंतीला लावला.